दारातला माणूस

अरुंद बोळातल्या एका दाराशी एक माणूस गळाठून बसला आहे. मान खाली, डोळे मिटलेले, हालचाल नाही. डिसेंबरची गार हवा. समोरून एक तरुण भराभर चालत येतो. पलीकडच्या इमारतीत त्याला भाषण द्यायचं आहे, उशीर झाल्याचं नुकतंच कळलं आहे आणि मनात वाक्यांची जुळवाजुळव चालू आहे. तो जवळ येतो तसा दारातला माणूस दोनदा खोकतो, कण्हतो, पण मान वर करत नाही. तरुण पाय उचलतो, त्याला ओलांडतो आणि तसाच पुढे निघून जातो.

त्याच्या भाषणाचा विषय होता, येशूनं बायबलमध्ये सांगितलेल्या दृष्टांतातला, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणारा चांगला शोमरोनी.

ही गोष्ट १९७० च्या डिसेंबरातली, प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांची. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला तो प्रयोग होता. दारातला माणूस त्यांनीच बसवलेला. असं ओलांडून जाणं एकदाच घडलं नाही, अनेकदा घडलं, असं त्यांनी १९७३ साली छापलेल्या शोधनिबंधात लिहून ठेवलं आहे. आकडे साधे आहेत. विद्यार्थी ४०. त्यांतल्या काहींना सांगितलं, "उशीर झाला, ते केव्हाचे थांबलेत." काहींना, "तयारी झाली आहे, निघा." काहींना, "अजून थोडा वेळ आहे, पण निघालात तरी चालेल." सवड असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी काही ना काही मदत केली, मधल्या गटातल्या ४५ टक्क्यांनी आणि घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. निम्म्यांच्या भाषणाचा विषय शोमरोनी होता, बाकीच्यांचा नोकरीच्या संधी. या फरकाचा परिणाम ठामपणे दाखवता येईल इतका मोठा निघाला नाही. त्याआधी प्रत्येकाकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती: धर्म तुमच्यासाठी काय आहे? मुक्तीचं साधन, जगण्याचा गाभा, की शोध? कोण थांबेल आणि कोण नाही, हे त्या उत्तरांवरूनही सांगता आलं नाही.

ही नोंद वाचून "बघा, धर्म किती पोकळ" असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. संशोधकांनीही ती मुलं निर्दय होती असं म्हटलेलं नाही. पलीकडे कुणीतरी त्यांच्यासाठी खोळंबलं होतं, त्या माणसाला दिलेला शब्द पाळणं हेही त्यांना कर्तव्यच वाटत होतं. म्हणजे वाईट माणसानं चांगल्याला ओलांडलं, असं तिथे घडलं नाही. चांगल्या माणसानं एका कर्तव्यासाठी दुसऱ्याला ओलांडलं. धर्मानं नीती शिकवून भलं जास्त केलं की बुरं, हा प्रश्न निघाला की मला तो उचललेला पाय दिसतो.

मूळ दृष्टांत नीट वाचला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं आहे. आधी एक याजक येतो आणि बाजूनं निघून जातो. मग लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला, तोही तसाच. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी वाळीत टाकलेल्या जमातीतला. याजकाच्या बाजूनं एक बचाव नेहमी केला जातो. मृतदेहाला शिवलं तर याजक अशुद्ध होतो, तसा नियम शास्त्रात आहे, आणि पडलेला माणूस मेलेला असता तर? पण त्याच ज्यू परंपरेत याला अपवाद लिहिलेला आहे. वाटेत बेवारस प्रेत सापडलं तर त्याला मूठमाती देणं थेट महायाजकावरही बंधनकारक आहे. मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह सांगतो की अशा वेळी अशुद्ध होण्याची मुभा त्यालाही आहे. म्हणजे आडवा आला तो नियम नव्हता. नियमाचा सोयीचा तेवढा भाग याजकाच्या मदतीला आला. शोमरोनी काय काय करतो तेही बघा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्टी बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर सेवा करतो, सकाळी दोन दीनार देतो, आणि जास्त खर्च झाला तर परतताना चुकता करीन म्हणतो. एवढा काटेकोर तपशील करुणेवरच्या प्रवचनात क्वचितच मिळतो. आणि याजकावर ठपका ठेवणारी ही गोष्ट धर्मग्रंथातच आहे, बाहेरच्या कुणी टीकाकारानं लिहिलेली नाही.

आपल्याकडे एकनाथांची आख्यायिका लहानपणीच कानावर पडते. कावडीतली गंगा रामेश्वराला वाहायची, महिनोन्महिन्यांची पायपीट, आणि तापलेल्या वाळूत तहानेनं तडफडणारं एक गाढव. नाथ कावड त्याच्या तोंडात रिती करतात. ही कथा भूतदयेची म्हणून सांगतात, पण मला ती घाईची कथा वाटते. पोचायचं ठिकाण जितकं पवित्र, तितकं वाटेत थांबणं अवघड.

धर्माचा नफातोटा मांडून शेवटचा आकडा काढता येईल, असं मला वाटत नाही. माणसांच्या रोजच्या वागण्यात फारसा फरक सापडतही नाही. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली छापलेल्या पाहणीत अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ जणांना दिवसातून अनेकदा फोनवर विचारलं: गेल्या तासाभरात तुमच्या हातून काही चांगलं वा वाईट घडलं का? धार्मिक आणि निधर्मी, दोघांच्या उत्तरांत चांगल्या-वाईट कृत्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. दीपक मल्होत्रा यांचा अभ्यास ऑनलाइन लिलावात दानासाठी बोली लावणाऱ्यांवर होता. त्यात धार्मिक माणसं दानाच्या आवाहनाला जास्त प्रतिसाद देताना दिसली ती प्रार्थनेच्या वारी, इतर दिवशी नाही. श्रद्धा सातही दिवस तीच होती, आठवण तेवढी एका दिवसाची. या दोन पाहण्या शेजारी ठेवल्या की मला वाटतं, धर्मानं नीतीला दिलेली खरी देणगी शिकवण नाही. चोरी करू नये, खोटं बोलू नये, हे धर्माशिवायही समजतं. त्यानं दिली ती थांबण्याची ठरलेली वेळ, आणि थांबल्यावर काय करायचं याची रीत.

थेरवाद या बौद्ध पंथातल्या भिक्खूंचा उपोसथ घ्या. पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला आणि अमावास्येला, संघ एकत्र जमतो आणि २२७ नियमांचं पातिमोक्ख म्हटलं जातं. त्याआधी प्रत्येकानं आपला दोष दुसऱ्या भिक्खूला सांगून मोकळं व्हायचं. नियमांचा एकेक गट संपला की म्हणणारा तीनदा विचारतो, या बाबतीत आपण शुद्ध आहात ना? गप्प राहणं म्हणजे हो. मला यातलं मोल त्या तीनदा विचारण्यात वाटतं. पहिल्यांदा सवयीनं गप्प राहता येतं, तिसऱ्यांदा गप्प राहणं जड जातं. शिवाय विनयात, म्हणजे संघाच्या शिस्तीच्या ग्रंथात, प्रत्येक नियमामागे त्याची उत्पत्तिकथा दिलेली आहे: कोण काय वागला, कुणाची तक्रार आली, मग नियम झाला, त्यानं कुणाची अडचण झाली, मग अपवाद घातला. हे नियम आकाशातून पडलेले नाहीत, चुकांमधून उगवलेले आहेत आणि ते तसं उघड लिहून ठेवलं आहे.

इस्लाममधल्या जकातीतही तोच शहाणपणा आहे. ८५ ग्रॅम सोनं किंवा ५९५ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी संपत्ती पूर्ण चांद्रवर्ष जवळ राहिली, तर तिचा अडीच टक्के वाटा द्यायचा. घेणाऱ्यांचे आठ वर्ग ठरलेले, त्यांत कर्जबाजारी आणि वाटसरूही आले. दया येण्याची वाट बघायची नाही. वर्ष भरलं की हिशेब करायचा. पळवाट इथेही शोधली गेली. वर्ष भरत आलं की मालमत्ता बायकोच्या नावे करायची आणि नंतर परत घ्यायची, ही युक्ती फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, पंडितांना चांगली ठाऊक होती, आणि तिचा निषेधही त्यांनीच केला.

नियम चांगला असून उलटतो कसा, हेही ज्यू इतिहासात स्वच्छ दिसतं. सातव्या वर्षी सगळी कर्जं माफ, हा नियम गरिबासाठी केलेला. झालं असं की सातवं वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घेऊ लागले आणि गरिबालाच कर्ज मिळेना. मग हिल्लेल या ज्यू धर्मगुरूनं वाट काढली. कर्ज न्यायमंडळाकडे वर्ग करायचं, म्हणजे ते माफीत धरलं जात नाही. धर्मगुरूनं डोळे उघडे ठेवून नियमाचा परिणाम बघितला आणि नियम वाकवला. सगळीकडे असा हिल्लेल भेटत नाही.

कधी कधी तर चाळीस वर्षं, ऐंशी वर्षं भेटत नाही.

१६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिलं. युक्तिवाद सरळ होता: दुसऱ्यानं आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्याच्याशी वागावं, आणि त्यात कातडीचा रंग कुठे येतो? निवेदन क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मासिक सभेत गेलं. तिथे ठरलं, विषय फार वजनाचा आहे, त्रैमासिक सभेकडे पाठवा. तिथून वार्षिक सभेकडे. वार्षिक सभेनं ते बाजूला ठेवलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना मज्जाव केला तो १७७६ साली. मधे ८८ वर्षं गेली. बाजूला ठेवणारे प्रार्थनाशील लोकच होते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, मग पडून राहिला, आणि तेवढ्या काळात माणसांच्या तीन पिढ्या विकल्या गेल्या. तरीही खरं तेही सांगायला हवं: पुढे इंग्लंडमध्ये १७८७ साली गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी जी समिती उभी राहिली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर होते. उशीर करणारे तेच, आणि शेवटी उठून उभे राहणारेही तेच.

त्याच काळातलं एक पुस्तक मला फार अस्वस्थ करतं. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, या आवृत्तीत त्यांतले २३२ ठेवले. योसेफाला गुलाम म्हणून विकलं आणि तो इमानेइतबारे राबून वर चढला, हा भाग आत आहे. मोशे आपल्या लोकांना दास्यातून बाहेर काढतो, तो भाग नाही. ही काटछाट करणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं, कुठलं पान गुलामाच्या हाती पडलं तर मालकाला महाग जाईल. एका अर्थी धर्माच्या ताकदीची याहून मोठी कबुली नाही: त्याला निरुपद्रवी करायला कात्री लावावी लागली. पण एवढ्यावर समाधान मानता येत नाही, कारण दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं हे वचन कुणाला घुसडावं लागलं नाही. ते मूळ ग्रंथातच होतं. अमेरिकेत तर पूर्ण ग्रंथ हाती असलेल्यांनीच गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता येईल की नाही या वादावरून १८४५ साली सदर्न बॅप्टिस्टांची वेगळी चूल मांडली, आणि त्याबद्दल जाहीर क्षमा मागायला १९९५ साल उजाडलं.

म्यानमारची दहा वर्षं पाहा. २००७ साली हजारो भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले. ओठांवर मैत्रीची सुत्तं, आणि काहींनी भिक्षापात्र उपडं धरलेलं. उपड्या पात्राचा अर्थ तिथल्या पोराटोरांनाही कळतो: तुमच्या हातचं दान आम्ही घेत नाही, म्हणजे पुण्य मिळवायची तुमची वाट बंद. एक शब्द न उच्चारता सेनापतींवर टाकलेला तो बहिष्कार होता. त्याच देशात पुढच्या काही वर्षांत काही भिक्खू व्यासपीठावरून मुसलमानांविरुद्ध विष ओकू लागले, आणि २०१७ साली लष्कराच्या मोहिमेपुढे सात लाखांवर रोहिंग्यांना जीव मुठीत धरून बांगलादेशात पळावं लागलं. चीवर तेच, २२७ नियम तेच, पौर्णिमा-अमावास्याही तीच. पात्र उपडं धरताना समोर सत्ता होती आणि पायाशी भुकेला माणूस. दुसऱ्या वेळी 'धर्म धोक्यात आहे' अशी हाकाटी होती. धर्म वाचवायला निघालेल्या माणसाइतका घाईत कुणीच नसतो.

हानी सगळ्यात खोल कुठे होते, हे मला पश्चात्तापाच्या रीतीत दिसतं. बाराव्या शतकातले ज्यू पंडित मायमोनिडीझ यांनी ही रीत पायरीपायरीनं लिहून ठेवली आहे. पाप सोडायचं, त्याचा खेद व्हायला हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, आणि हे सगळं तोंडानं उच्चारायचं, नुसतं मनात ठेवायचं नाही. अपराध देवाचा असेल तर इथपर्यंत पुरतं. माणसाचा असेल तर नाही. त्याचं जे बुडवलं ते भरून द्यायचं, आणि भरून दिल्यावरही त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. तो ऐकत नसेल तर तीन जणांना बरोबर नेऊन विनवायचं, तरी नाही तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्या देखत अपराध बोलून दाखवायचा. देणं असेल तर वारसांना फेडायचं. पश्चात्ताप पुरा झाल्याची खूण अशी: तीच संधी, तीच ताकद, तोच मोह पुन्हा समोर आला आणि माणूस मागे फिरला. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व असं की प्रायश्चित्ताचा सर्वांत पवित्र दिवससुद्धा माणसानं माणसाविरुद्ध केलेला अपराध धुऊन काढत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही. दुखावलेल्याच्या वतीनं देवसुद्धा क्षमा करत नाही.

ही एक पायरी गाळली की काय होतं, ते कॅथलिक चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत दिसलं. अमेरिकी बिशपांनीच करवून घेतलेला जॉन जे कॉलेजचा अहवाल २००४ साली आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ पाद्र्यांवर आरोप, तक्रार केलेल्यांची संख्या १०,६६७. कित्येक ठिकाणी एकाच पद्धतीनं हे घडत गेलं. बिशपाच्या कानावर आलं, आरोपीनं खेद व्यक्त केला, त्याला उपचारांना किंवा एकांतात पाठवलं आणि मग दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, नेमणूक दिली. तिथेही मुलं होतीच. या व्यवहारात पापी होता, बिशप होता, देव होता, क्षमाही होती. ज्याच्यावर अत्याचार झाला ते मूल मात्र कुठेच नव्हतं. गुन्ह्याला 'पाप' म्हटलं की तो देव आणि पापी यांच्यातला खासगी मामला होतो, आणि तिसऱ्याला ओलांडून जाता येतं. संस्थेची अब्रू राखायची घाई त्यात होतीच. पण पाप आणि गुन्हा यांच्यातला फरक पुसणारी भाषा हाताशी नसती, तर इतक्या सज्जन माणसांना इतकी वर्षं गप्प राहता आलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

याच्या उलट टोकाला मला एक दार दिसतं. फ्रान्समधल्या ल शांबों-सुर-लिन्यों या डोंगरी गावातलं, पाद्री आंद्रे त्रोक्मे यांच्या घराचं. दुसऱ्या महायुद्धात हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी तिथे एक परकी ज्यू बाई येऊन उभी राहिली आणि पाद्र्यांची बायको, माग्दा, तिला आत घेऊन गेली. मग हळूहळू सगळ्या पठारावरची शेतघरं, शाळा, वसतिगृहं उघडली. हजारो ज्यू तिथे लपून वाचले, आणि १९९० साली याद वाशेम या इस्राएलमधल्या ज्यू संहाराच्या स्मारकसंस्थेनं अख्ख्या गावाचा गौरव केला. गावकरी बहुतेक ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, वंशातले. पूर्वजांनी श्रद्धेपायी सोसलेल्या छळाची आठवण त्यांच्या घरोघरी जागती होती. त्यांचं बायबल युरोपात इतरत्र वाचलं जाणारंच होतं. पण त्यांच्या आठवणीत स्वतः जमिनीवर पडलेले असण्याचा अनुभव होता. देवाला वरचा मानण्याचं बळ दुसऱ्या एका ठिकाणीही दिसतं. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांच्या प्रयोगात दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगत (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं). त्यात ४० पैकी २६ जणांनी आज्ञा पाळत ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली. प्रयोगाच्या दुसऱ्या एका फेरीत १५० व्होल्टलाच नकार देणाऱ्यांत बायबलच्या जुन्या कराराचे एक अध्यापक होते. देव सर्वांत वरचा मानला की माणसाचा हुकूम क्षुल्लक होतो, असं त्यांनी सांगितलं. मला हे उत्तर आवडतं आणि त्याची धास्तीही वाटते. हाच आधार घेऊन माणूस हात आवरतो, आणि हाच आधार घेऊन उगारतोही.

प्रिन्स्टनच्या बोळात जे थांबले त्यांना दारातला माणूस काय सांगायचा, तेही ठरलेलं होतं: मी ठीक आहे, श्वासाचा जुना त्रास आहे, गोळी आत्ताच घेतली, थोडा वेळ बसलो की बरं वाटेल, थांबलात त्याबद्दल आभार. यावर काही जण विचारपूस करून निघाले. काही जण मात्र ऐकेनात. आत चला म्हणून धरूनच बसले. संशोधकांना या हटून मदत करणाऱ्यांमध्ये धर्माच्या ठरीव सिद्धान्तांवर ठाम विश्वास असलेले जास्त आढळले. तो माणूस काय म्हणतो आहे, यापेक्षा मदत कशी करायची असते हे त्यांना आधीच ठाऊक होतं. थांबूनही माणसाला ओलांडता येतं ते असं.

आणि जे थांबले नाहीत, ते पलीकडच्या इमारतीत पोचले. त्यांनी भाषणं दिली. नंतर प्रयोगाचा उलगडा करताना त्यांच्याशी बोलणं झालं, तेव्हा दारातला तो माणूस सगळ्यांना आठवत होता. त्याला मदतीची गरज असावी, असंही त्यांना वाटत होतं. आता खोलीत शांत बसल्यावर.

तिथून बोळातलं ते दार चालत अगदी थोड्या अंतरावर होतं.